आजच्या कोड्याचा विषय

आमच्या पेपरात रोज एक विषय धरून शब्दकोडं येतं. कधी किल्ले, कधी दागिने, कधी स्वयंपाकघर, आणि सगळी उत्तरं त्याच विषयातली. मासे आले त्या दिवशी आजोबांनी पेन्सिल खाली न ठेवता कोडं संपवलं आणि वर पेपरवाल्यांनाच शिव्या घातल्या. म्हणे, ह्यांनी मासो बाजारात बघलेलो नाय, ताटातच बघलो.

आमची पद्धत ठरलेली. मी शोधसूत्रं वाचायची, आजोबांनी उत्तर द्यायचं आणि चौकोनात अक्षरं पण त्यांनीच भरायची. मी घाई करून उत्तर फोडलं की डोक्यात पेन्सिल. "गप ऱ्हव गो, माझा डोक्यात येता हा."

मी मनवा, दहावीत आहे. दिवाळीनंतर आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, तेव्हापासून माझं तोंड सुटलंय असं आई म्हणते. मी म्हणते, तोंड आधीपासून तसंच आहे, आता त्याला ट्रॉफी मिळाली एवढंच.

पण एका गोष्टीबद्दल ह्या तोंडाला आमच्या खोलीत कुलूप होतं. दिवाळीच्या आधी आजोबांना घशाचा कॅन्सर निघाला होता आणि आजोबांना ते माहीत नव्हतं. त्यांना आम्ही सांगितलं होतं, अल्सर. वाढलेला अल्सर, म्हणून इंजेक्शनं जरा स्ट्राँग, म्हणून केस जातात, म्हणून माकडटोपी घाला.

आता ह्यातली खरी गोष्ट ऐका. आम्ही राहतो लालबागला. आमच्या चाळीतून चालत निघालं तर परळचं ते कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल अगदी जवळ आहे. देशभरातून लोक तिथे येतात, बाहेर फुटपाथवर झोपतात, पण येतात. आणि आम्ही आजोबांना टॅक्सीत घालून भायखळ्याच्या एका लहान हॉस्पिटलात नेत होतो. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "परळला न्या, आमच्याकडे सगळी मशिनं नाहीत." पप्पा म्हणाले, "बघतो." आणि बघितलंच नाही.

कारण परळचं गेट आजोबांना पाठ होतं. आजोबा कापडगिरणीत होते तेव्हापासून गावचं कुणीही त्या आजाराचं निघालं की पहिलं आमच्या खोलीवर यायचं. आजोबाच त्यांना घेऊन जायचे, लाइनीत उभे राहायचे, केसपेपर काढायचे, माणसाचं जेवण आजी, ती होती तोवर, डब्यातून द्यायची. गावात सांगायचेच, मुंबैक गेलंस तर लवूकडे जा. लवू परबांना त्या गेटमधून नेलं असतं तर दुसरं काही सांगायची गरजच पडली नसती.

"तिथे पाय टाकला की ते खचतील," आई म्हणायची. "आहे तेवढं तरी समाधानात राहू देत."

मी एकदा विचारलं होतं, "आणि बरे होणार असतील तर?" पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग फेब्रुवारीत तो बुधवार आला. सकाळी चहा गाळता गाळता आईने पेपर उघडला आणि तशीच थांबली. कोड्याच्या वर ठळक अक्षरांत: जागतिक कर्करोग दिनानिमित्त आजचा विषय, कर्करोग.

तिने पेपर दुमडून गॅस सिलेंडरच्या मागे सारला. "पेपर आलाच नाही म्हणून सांग. कळलं? आणि आज तरी जास्त बोलू नकोस."

आई कामाला गेली, पप्पा त्याआधीच गेलेले. मला बोर्डाच्या अभ्यासाची सुट्टी. आजोबा कॉटवर बसून वाटीतली पेज चमच्याने ढवळत होते. गिळायला लागलं की डोळे मिटायचे, मान पुढे काढायचे. आदल्या आठवड्यात जाड पेज जात होती. आता नुसतं पाणी.

"पेपर खय गो?"

मी म्हणणार होते की आला नाही. वाक्य तयार होतं. पण त्यांनी पेन्सिल आधीच ब्लेडने टोकदार करून ठेवली होती, आणि वाटीतलं पाणी अजून तेवढंच होतं. मला एकदम वाटलं, आपण ह्या माणसाला समाधान देत नाही आहोत, आपण ह्याला टॅक्सीने फिरवतोय.

मी सिलेंडरच्या मागून पेपर काढला.

"थय कसो गेलो?"

"आईने ठेवला." मी त्यांच्यासमोर बसले. "आजोबा, आजचा विषय कर्करोग आहे."

"असांदे." त्यांनी चष्मा चढवला. "ह्या विषयात मी मास्तर आसय. वाच."

"एक आडवा. तीन अक्षरं. पुडीवर धोक्याचं चित्र असूनही लोक खातात."

"तंबाखू." लिहिलं पण. "लहान मुलांचा कोडा हा."

"चार उभा. तीन अक्षरं. गाठीचा तुकडा काढून तपासतात."

"बायोप्सी." बा लिहिला, यो लिहिला. तिसऱ्या चौकोनावर पेन्सिल थांबली. "माझो पण तुकडो काढलेलो ना गो? भायखळ्याक?"

स्पर्धेत मला पाच मिनिटांचं भाषण पाठ होतं. इथे मी पुढच्या शोधसूत्रावर बोट फिरवत राहिले.

"पुढचा वाच."

"सात आडवा." मी पेपर जवळ धरला. "पाच अक्षरं. सलाइनमधून देतात ते उपचार. ह्याने केस गळतात."

आजोबांचा हात वर गेला, माकडटोपी पुढून मागे सरकवली, टाळूवरून तळवा फिरवला, टोपी परत नीट घातली. खाली कोणीतरी मसाल्याच्या गिरणीवाल्याशी भांडत होतं, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मनवा. माका काय झाला हा?"

"कॅन्सर," मी म्हटलं. "घशाचा."

"गौतमाक म्हायत आसा?"

"हो. पप्पांना आहे, आईला पण. मला पण."

"गौतम म्हणालो अल्सर." हे ते मला सांगत नव्हते. "म्हणालो अल्सर, म्हणून मी अल्सर समाजलंय. तो माझ्याकडे खोटा कित्याक बोलात?"

मला वाटलं होतं, रडतील. किंवा म्हणतील, मला आधीच ठाऊक होतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गावातल्या कितीतरी लोकांचा आजार ज्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखला, त्यांनी मुलावर विश्वास ठेवून स्वतःच्या आवाजाकडे लक्षच दिलं नव्हतं.

पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. "उरलेला तू भर." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी एक अक्षरही भरलं नाही.

संध्याकाळी पप्पा आले, पाठोपाठ आई. आजोबा दारासमोर खुर्चीत बसलेले.

"गौतम, उद्या परळाक जावया."

"परळला? कशाला, बाबा?"

"तुका म्हायत नाय?"

पप्पांच्या हातातली बॅग तशीच राहिली. आई माझ्याकडे वळली. "कोणी सांगितलं?"

"मी."

"वा! बक्षीस मिळालं म्हणून आता घरात पण भाषणं?" तिचा हात वर आला.

"सुचित्रा, तिका हात लावू नको," आजोबा म्हणाले. आवाज चढवायचा म्हटलं तरी चढत नव्हता, घासून बाहेर येत होता. "माका थय कित्याक नेल्यात नाय?"

"तुम्ही घाबरला असतात." पप्पा भिंतीला टेकले. "तुम्हीच सांगायचात ना, अमका गेला, तमका गेला. जेवढ्यांना घेऊन गेलात त्यातले परत गावी किती पोचले, बाबा?"

"पोचले ते पण आसत. शेवंती गावाक परत गेली, अजून भात लावता. तातू गेलो, त्याका नातू झालो. त्यांची नावा तू इसारलंस." त्यांना खोकला लागला. आईने पाणी पुढे केलं. ते त्यांच्याने गिळवेना, ओठांतून खाली आलं, आणि आईने पदराने त्यांची हनुवटी पुसली. पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पप्पा टॅक्सी बघायला लागले तर आजोबा म्हणाले, "चलत." दर चार दुकानांनी थांबत, माझ्या खांद्याला धरून. गेटमध्ये मात्र त्यांनी माझा खांदा सोडला. कुठल्या खिडकीला उभं राहायचं, कुठला कागद आधी दाखवायचा, पप्पांना तेच सांगत होते. पप्पा मान हलवून ऐकत होते, शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलासारखे.

आमचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरबाई तरुण होत्या. भायखळ्याचे रिपोर्ट त्यांनी एकदा वाचले, तारीख बघितली, परत पहिल्यापासून वाचले. घसा तपासला.

"हे इतक्या उशिरा का आणलंत? लांबून येता का?"

पप्पा खाली बघत होते. माझ्या तोंडाशी उत्तर होतं, पण ते द्यायचं माझं काम नव्हतं.

"लालबागसून," आजोबा म्हणाले. "चलत."

बाईंनी लिहिणं थांबवलं. मग पप्पांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर येता का?"

"हयच बोला," आजोबा म्हणाले. "माका आयकाचा आसा."

त्या बोलल्या. सरळ बोलल्या, त्यांच्याकडे बघून बोलल्या. आजार पसरलाय. ऑपरेशनची वेळ गेलीय. सुरुवातीला आणलं असतं तर करता आलं असतं. फार दिवस नाहीत. आता दुखणं कमी करू, अन्नासाठी नळी घालू, तेवढं करू.

बाहेर आलो तर पप्पांना चालता येईना. ते कंपाउंडच्या भिंतीला धरून उभे राहिले, चेहरा भिंतीकडे. मी जवळ गेले तर म्हणाले, "तू बरोबर केलंस गं." आणि मला ते ऐकायचंच नव्हतं. बरोबर असायला मला निदान दिवाळीतच बोलायला हवं होतं, आणि त्यांना माझ्याही आधी.

आजोबा हळूहळू त्यांच्यापाशी गेले.

"गौतम. हयसर बघ. गणपतीपर्यंत ऱ्हवान मी?"

पप्पांनी तोंड उघडलं. मला त्यांचं वाक्य येताना दिसलं, तेच, अल्सरच्या जातीचं. त्यांनी ते गिळलं.

"नाही, बाबा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाल्या, तेवढे दिवस नाहीत."

आजोबांनी मान हलवली. मग पप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांचं रडणं थांबेपर्यंत काढला नाही.