खिळ्यावरच्या शर्टातला रोटर

मी एक जुना रोटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून डोकं खाजवत बसू नका. तुमच्या आजोबांच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांत, इंजिनाशेजारच्या डिस्ट्रिब्युटर नावाच्या डबीत, एका काळ्या टोपीखाली माझी जागा असे. अंगठ्याएवढा काळा देह आणि डोक्यावर पितळेची पट्टी, एवढाच माझा थाट. कॉईलकडून आलेली वीज मी गोल फिरत चार प्लगना वाढायचो. पंगतीत वाढणारा जसा कुणाचं पान चुकवत नाही, तसा. मी नसलो तर आख्खी गाडी म्हणजे नुसता पत्रा. हे मी गर्वाने सांगत नाही. बरं, थोडं गर्वानेच सांगतो.

माझी गाडी म्हणजे घाटकोपरच्या मधुकर सावंतांची बिस्किटी रंगाची फियाट. मधुकरराव माहुलला रिफायनरीत फोरमन होते. एकदा शेजारच्या इमारतीतली गाडी चोरीला गेली, तेव्हा मानखुर्दच्या श्यामसुंदर मिस्त्रींनी त्यांना युक्ती शिकवली. गाडी लावली की टोपी उघडायची, रोटर काढायचा आणि खिशात टाकायचा. मग चोराने कितीही सेल्फ मारला तरी ठिणगी पडायची नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी मधुकररावांच्या शर्टाच्या डाव्या खिशात बसून घरी जाऊ लागलो.

डावा खिसा छातीवर असतो. त्यामुळे त्यांचं हृदय मला ऐकू येई. ताल हा तर माझा धंदा. बरेच ठोके नीट पडत, मग एक गळे आणि पुढचा दणकन येई. इंजिनात असं झालं की मिस्त्री लगेच म्हणतात, मिस होतंय. मधुकररावांना तसं कुणीच म्हटलं नाही. मी म्हटलं असतं, पण मला तोंड नाही.

सात वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्यांनी मला खिशात टाकलं, घरी येऊन शर्ट खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवला, "जयू, चहा टाक" म्हणाले आणि खुर्चीत बसले. चहा झाला, पण प्यायला ते उरले नव्हते.

त्यांच्या बायकोने, जयंतीबाईंनी, तो शर्ट खिळ्यावरून कधीच काढला नाही. मध्ये घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याला शर्टामागची भिंत सोडून द्यायला लावली. रोज सात वाजता त्या यायच्या आणि खिशावर बाहेरून तळहात टेकवायच्या. मी आत आहे ना, हे चाचपून घ्यायच्या. त्या वेळी मला ठोके ऐकू येत. रिकाम्या शर्टात कसले ठोके, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला तेच विचारी. जयंतीबाईंच्या तळहाताचे असतील म्हणावं, तर त्यातलाही एक ठोका गळत असे.

यंदा इमारत पाडायचं ठरलं. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. मुलगी अबोली बोरिवलीला राहते, ती आईला आपल्याकडे न्यायला आली. जयंतीबाई म्हणाल्या, "ह्यांची गाडी भंगारात घालून मी येणार नाही. तू ती चालू कर, तिच्यातूनच येते."

अबोली बापाच्या वळणावर गेलेली. दर रविवारी तिची गाडीशी झटापट सुरू झाली. घर तळमजल्यावर, गाडी खिडकीलगत, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. पहिल्या रविवारी तिने नवी बॅटरी बसवली. सेल्फ फिरला, गाडी मात्र ढिम्म. दुसऱ्या रविवारी प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि वॉचमनला सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. मग प्लग नवे, वायरी नव्या. तिसऱ्या रविवारी कॉईल बदलली, टोपी उघडून आतले पॉइंट घासले. टोपीखाली मधोमध माझा दांडा बोडका उभा होता. पण तिने आयुष्यात रोटर पाहिलेला नव्हता. जे कधी पाहिलंच नाही, ते तिथे नाही हे तिला कळणार कसं?

"आई, वाट लागलीय यार. सगळं नवं टाकलं, तरी ठिणगी कुठे जातेय कळत नाही."

जयंतीबाई खिडकीशी भाजी निवडत होत्या. "बघ बाई," एवढंच म्हणाल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा चालला होता, आणि कळसा कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गाडी सुरू झाली की घर सुटणार आणि शर्ट उतरणार. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

चौथ्या रविवारी दुपारी अबोलीने श्यामसुंदर मिस्त्रींना आणलं. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, धंदा केव्हाच सोडलेला. त्यांनी कॉईलची मधली वायर लोखंडाजवळ धरली आणि अबोलीला सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी चटकन उडाली. मग त्यांनी टोपी उघडली आणि हसायलाच लागले.

"गो बाय, ह्याचो रोटर खंय?"

"रोटर म्हणजे?"

"वीज वाटता तो. मधुभाऊ रोज खिशात घालून घराक न्हेय. माझीच शिकवण ती." मग खिडकीकडे वळून त्यांनी विचारलं, "वहिनी, खंय ठेवल्यान तो?"

अबोली घरात आली. तिची नजर थेट शर्टावर गेली.

"त्या शर्टाला हात लावायचा नाही," जयंतीबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"अगं आई, फक्त खिशात..."

"नाही म्हटलं ना. नवा आण बाजारातून."

अबोली बाहेर गेली. मिस्त्री म्हणाले, "नवो उद्या कुर्ल्याक मेळतलो. तवसर सेल्फ मार जरा, तेल फिरांदे."

तिने सेल्फ मारला. खर्र, खर्र, खर्र. आणि मी खिशात फिरलो.

मित्रांनो, खोटं सांगत नाही. इंजिन बाहेर, मी आत, मध्ये भिंत, तरी मी फिरलो. माझ्याबरोबर खिशाचं कापड पिळलं गेलं, शर्ट खिळ्यावर हलू लागला, बटणं भिंतीवर टकटक वाजू लागली. पंखा बंद होता. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. अबोलीने सेल्फ सोडला, शर्ट थांबला. तिने पुन्हा मारला, तो पुन्हा हलला, आणि या वेळी रिकामी बाही खिडकीकडे वळली.

जयंतीबाई भिंतीला टेकून बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "अहो, जायचंय का तुम्हाला?"

सेल्फ बंद होता. तरी एक बटण एकदाच वाजलं.

त्यांनी खिशात हात घातला.

मिस्त्रींनी मला खिडकीतून हातात घेतलं आणि ते चपापले. "गरम कसो ह्यो?" त्यांनी मला दांड्यावर बसवलं, वर टोपी लावली, अबोलीने सेल्फ मारला. एक, तीन, चार, दोन, मी वीज वाढत सुटलो. गाडी खोकली, तिने भसकन धूर सोडला आणि ती सुरू झाली. अबोली हसता हसता रडली. त्या संध्याकाळी जयंतीबाईंनी शर्ट खिळ्यावरून काढून धुतला. भिंतीवर जुन्या रंगाचा चौकोन तेवढा उरला.

आता आम्ही बोरिवलीला असतो. आज अबोलीने तो शर्ट गाडी पुसायला म्हणून पहिल्यांदा अंगात घातला. काम झालं, तिने टोपी उघडली आणि बापासारखंच मला काढून डाव्या खिशात टाकलं. मला तिचं हृदय ऐकू आलं. बरेच ठोके नीट पडले. मग एक गळला आणि पुढचा दणकन आला.

मी हादरलो. तोच ताल, चुकायची तीच जागा. आणि मला तोंड नाही.

ती घरात आली तेव्हा सात वाजले होते. जयंतीबाई सवयीने पुढे झाल्या आणि त्यांनी खिशावर तळहात टेकवला. अबोली हसली. "आई, मी आहे गं. बाबा नाहीत."

हात निघाला नाही. सात वर्षं तो तळहात रिकाम्या शर्टातही हाच गळणारा ठोका ओळखत आला होता.

"उद्या सुट्टी टाक. डॉक्टरकडे जायचंय."

"कशाला? मी ठणठणीत आहे."

"हेही असंच म्हणायचे. दम लागायचा, छातीत धडधडायचं, मला दिसत होतं आणि मी गप्प बसले. तुझ्या गाडीच्या वेळीही गप्प बसले. आता नाही बसणार."

मित्रांनो, उद्या डॉक्टर काय सांगतील मला माहीत नाही. आज मी जयंतीबाईंच्या उशाशी आहे आणि मला फार भीती वाटते आहे. पण तुम्हाला एक विनवणी करतो. बंद गाडीची ठिणगी शोधायला माणसं चार-चार रविवार घालवतात. घरी गेलात की आपल्या माणसाच्या छातीवर एकदा तळहात टेकवून बघा. काही चुकतंय असं वाटलं, तर गप्प राहू नका. तुम्हाला तोंड आहे.