जयवंताबाईंचा तवा आणि परवाना

मित्रांनो, जयवंताबाईंच्या ललिताचे लग्न १९५८ साली झाले. त्याच वर्षी बाळापूरच्या एका लोहाराने मला घडवले. मी एक जुना लोखंडी तवा आहे. बाईंचे यजमान आधीच वारले होते. लेक सासरी गेल्यावर बाई अकोल्याच्या राहत्या घरातच भाकरी करून विकू लागल्या. हिवरखेडकडून शिकायला आलेली मुले आमच्याकडे जेवत. माझी पाठ कधी थंड होत नसे.

पण घरातून जेवण विकायला परवाना लागे, आणि तो घराला सहसा मिळत नसे. गल्लीत नगरपालिकेचा शिपाई दिसला की बाई मला तापलेलाच पाटाखाली सरकवत. पाट जळे. कडी वाजली तरी मला धसका बसे.

शेवटी शेजारचा शालिकराम म्हणाला, "काकू, किती दिवस तवा लपवून ठेवसान? घरासाठीच अर्ज करून पाहा ना."

अर्ज गेला. तपासायला साहेब आले. चूल, पाणी, पीठ पाहून झाले. मग ते भाकरी-झुणका जेवले आणि त्यांनी पैसे पुढे केले. बाईंनी हात मागे घेतला. घरी पहिल्यांदा आलेल्याच्या पहिल्या ताटाचे पैसे त्या कोणाकडूनच घेत नसत.

"पैसे घेत नाही, तर ही विक्री कशी? परवाना कशाचा देऊ?" साहेब म्हणाले.

"पुन्हा या जेवाले. तवा पैसे घेईन."

साहेब चिडून गेले. शालिकरामने कपाळाला हात लावला. त्यानंतर बाई भाकरी थापत, पण डोळे दाराकडे. मी भाकरी करपवू लागलो.

एके दिवशी साहेब आले, मुलांच्या पंगतीत बसून जेवले. बाईंनी पैसे घेतले.

"आज झुणक्यात मीठ जास्त आहे, बाई."

"पैसे दिले म्हणून खारट लागून राहिलं का तुमाले?"

परवाना आला. त्यानंतर मी कधी लपलो नाही.

आता मी खिळ्याला टांगलेला आहे. बाई नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावाचा परवाना चालत नाही. ललिता माहेरच्या घरी राहायला आली आहे. तिनेही अर्ज केला आहे. नवे साहेब येणार आहेत आणि पहिल्या ताटाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे आईने तिला शिकवून ठेवले आहे. म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, तवा ओला ठेवू नका, तेलाचे बोट फिरवा. आणि चार जणांना जेवू घालणाऱ्या घराला तो लपवायला लावू नका.

जयवंताबाई १९६८ सालच्या जानेवारीत, चूल पेटलेली असताना वारल्या.