सासरची वाट

यारोपोल्कचं लग्न ठरलं तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. वडील म्हणाले, माळावर भटकणाऱ्या पोलोव्त्सी टोळ्यांतल्या कुर्तोक खानाची मुलगी आपल्या घरी येतेय, आता तो म्हातारा जिवंत आहे तोवर तरी सुला नदीकाठची आपली गावं जळायची नाहीत. मुलगी आली. पाद्र्याने तिला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला आणि तिचं नाव इरीना ठेवलं. वर्षभरात वडील गेले, यारोपोल्क झारेचच्या गढीचा धनी झाला, पण घरात तो तिला आयसुलू या माहेरच्या नावानेच हाक मारायचा.

संसार चांगला चालला होता. दोन मुलं झाली. तो तिची भाषा शिकला. दर शरदात सासरी जायचा, तेव्हा खान त्याला शेजारी बसवून मानाचं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवायचा, मेहुणे त्याच्याशी घोडे पळवायचे. हिवाळ्यात चुलीपाशी बसून आयसुलू माहेरचं काहीबाही सांगत राही. बर्फ वितळला की तळ ओढ्याच्या खळगीत जातो, उंच लव्हाळ्यांच्या आड. घोडे हिवाळ्याने हडकलेले असतात, माद्यांखाली दूधपिती शिंगरं असतात, त्या दिवसांत आमचे लोक कुठे जात नाहीत. तो ऐकायचा. ऐकायला बरं वाटायचं.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या दिवसांत थोरला चुलतभाऊ इंग्वार याने सगळ्या भाऊबंदांना बोलावलं. ताटात मासे आणि आंबवलेली कोबी होती, आणि बोलणं पोलोव्त्सींवर चढाई करण्याचं होतं.

"यारोपोल्कला कशाला विचारता?" इंग्वार म्हणाला. "त्याचं सासर आहे ते. मेंढीचं डोकं बंद होईल जावईबापूंचं."

"घरी बायकोशी खिंकाळूनच बोलतो म्हणे," दुसरा कुणीतरी म्हणाला.

सगळे हसले. यारोपोल्कही हसला. हसताना त्याचे कान तापले, आणि ते हसू थांबवावं एवढ्याचसाठी तो बोलून गेला, "तुम्ही नुसते माळावर भटकाल, दादा. ते कुठे असतील ते मला ठाऊक आहे."

हसू थांबलं. मग त्याने खळगी सांगितली, लव्हाळी सांगितली, हडकलेले घोडेही सांगितले. इंग्वारने उठून स्वतःच्या हाताने त्याचा पेला भरला.

"मग पुढे तूच चल," तो म्हणाला.

बायकोला त्याने सरहद्दीची पाहणी आहे असं सांगितलं. तिने मधाचं एक मडकं बांधून दिलं. "बाबांचा तळ वाटेत लागला तर द्या त्यांना. माळावर असला मध मिळत नाही." त्याने ते घेतलं. पहिल्याच मुक्कामावर शिपायांना देऊन टाकलं.

ते खळगीशी पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कुत्री भुंकली, तंबूंतून माणसं बाहेर आली, दोघा मेहुण्यांनी धनुष्यं उचलली. तेवढ्यात कुर्तोक खान अनवाणीच पुढे आला. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि जावयाचा घोडा ओळखला.

"ठेवा रे ते बाण," तो मुलांना म्हणाला. "आपला जावई आलाय."

मुलांनी धनुष्यं खाली केली. धाकटा तर हात हलवून हसला. मग यारोपोल्कच्या दोन्ही बाजूंनी इंग्वारचे स्वार सुटले. यारोपोल्क घोड्यावर बसून राहिला. त्याने तलवार उपसली नाही, आणि कुणाला अडवलंही नाही.

दोघेही मेहुणे तंबूच्या दारातच पडले. खानाला बांधून आणलं. लुटीची वाटणी करताना यारोपोल्क म्हणाला, मला जनावरं नकोत, म्हातारा द्या. इंग्वारला त्याची गंमत वाटली. त्याने दिला.

परतताना नदीच्या उथळ उताराशी आल्यावर यारोपोल्कने सासऱ्याचे दोर सोडले आणि एक घोडा पुढे केला. त्याच्या मनात खूप बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "मामंजी, मी..."

खानाने त्याच्याकडे पाहिलं नाही. घोड्यावर बसून लगाम सावरत तो म्हणाला, "मुलीला सांगू नकोस, मी पोरांना थांबवलं ते." आणि पाण्यात उतरला.

झारेचला बातमी आधीच पोचली होती. इंग्वारच्या माणसांनी हाकलत नेलेल्या घोड्यांवर आयसुलूने बापाच्या खुणेचे डाग ओळखले होते. ती दारात उभी होती.

"खळगी कुणी दाखवली?"

"मी."

ती दारातून हलली नाही. मग म्हणाली, "बाबा?"

"जिवंत आहेत. सोडून दिलं त्यांना."

"आणि माझे भाऊ? ते धनुष्य उशाला घेऊन झोपणारी माणसं. लढले का नाहीत?"

यारोपोल्क खोगिराचा पट्टा सोडू लागला.

"झोपेत होते?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानेच सांगू नको म्हटलं होतं, असं त्याने मनाला समजावलं. पण ते 'हो' किती झटकन निघालं हे त्याला ठाऊक होतं. त्या वर्षभरात मुलांनी विचारलं की आयसुलू सांगायची, तुमचे मामा झोपाळू होते, म्हणून गेले. ती हे चिडून बोलायची, आणि तो समोर बसून जेवत असायचा.

पुढच्या हिवाळ्यात खान वारल्याचा निरोप आला. आयसुलू माहेरी निघाली. यारोपोल्कने सोबत स्वार दिले, स्वतः गेला नाही. त्या तळावर कोणत्या तोंडाने जायचं? ती परत येणार नाही असं त्याने धरूनच ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती आली नसती तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं.

ती आली. मुलं इथे होती. घोड्यावरून उतरली, मुलांना पोटाशी धरलं, मग त्यांना आत पाठवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तळावरच्या बायकांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "बाबांनी थांबवलं होतं त्यांना. तुम्हाला बघून."

"हो."

"आणि वर्षभर मी माझ्या भावांना झोपाळू म्हणत राहिले. तुम्ही ऐकत राहिलात."

तुझ्या वडिलांनीच सांगू नको म्हटलं होतं, हे त्याच्या ओठांवर आलं. ते खोटंही नव्हतं. पण एका मेलेल्या म्हाताऱ्याला पुढे करून आपण त्याच्या पाठीमागे लपतोय, हे त्याला बोलण्याआधीच कळलं. त्याने ते गिळून टाकलं. आयसुलू हातातले ओले हातमोजे काढत मुलांच्या मागोमाग आत गेली.