शनिवारचा सल्ला

तुळशीरामने फडक्याची पुरचुंडी ओटीवर ठेवली आणि मनासेकडे सरकवली. आत वेणूच्या, त्याच्या बायकोच्या पाटल्या होत्या. मनासेने हात मागे घेतला.

“राहू दे तुझ्याकडेच,” तो म्हणाला. “आज शनिवार.”

मनासे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू; शनिवार त्यांचा पवित्र विसाव्याचा वार. त्या दिवशी हा माणूस पैशाअडक्याला शिवत नाही, हे साऱ्या पनवेलला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं. उभी हयात त्याने मुंबईत शेअरदलालाच्या पेढीवर कारकुनी केली होती. त्याच्याच भरवशावर मिठागरवाल्या तुळशीरामने वर्षामागे एका तेलगिरणीचे चार शेअर घेतले. गेल्या महिन्यापासून भाव असा चढू लागला, की बिचाऱ्याची झोपच उडाली. आता पाटल्या मोडून आणखी घ्यायचे होते. दलालाचा माणूस दुपारच्या एस.टी.ने येणार होता.

“काका, येकच सांगा. घेव का नको?”

मनासे अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसला. काल पेढीवरचा जुना सोबती राफेल मुंबईहून मुद्दाम येऊन गेला होता. दोन बडे दलाल तेच ते शेअर एकमेकांना विकून भाव फुगवतायत, बाहेरचं गिऱ्हाईक जमलं की अंग काढून घेतील, अशी कुजबुज त्याने ऐकली होती. पुरावा काही नव्हता. पण मनासेने त्याच गिरणीच्या आपल्या सगळ्या शेअरचे कागद विकायला त्याच्या हाती दिले. ‘सोमवारपर्यंत तोंड उघडू नकोस,’ राफेल बजावून गेला. ‘बोभाटा झाला तर तुझे कोण घेणार?’

बाहेरचं गिऱ्हाईक समोर मांडी घालून बसलं होतं. मनासेला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

“आज मी व्यवहाराचं बोलत नाही, तुळशीराम. तुला माहीत आहे.”

तुळशीराम जरा हिरमुसला. मग त्याचा चेहरा उजळला.

“मंग झालं की! वंगाळ असतं तं तुमी शनवार मोडून सांगितलं असतं. मना ठाव नाय का?”

पुरचुंडी कनवटीला लावून तो निघाला.

मनासेची बायको झिल्पा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“सोमवारी सांगेन त्याला,” मनासे म्हणाला.

“सांगा,” ती म्हणाली. “पण आपला शनिवार काल दिवेलागणीलाच लागला होता. राफेलभाऊंना कागद दिलेत ते त्यानंतर. मी शनिवारचा दिवा लावून चुकले होते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मनासेला वाटलं.

तो उठून ओटीच्या कडेला आला. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावरच तुळशीराम होता. वळणावर त्याला काशीराम कोळी भेटला होता. तुळशीराम त्याला काहीतरी समजावत होता आणि सारखा ओटीकडे हात करत होता. काशीरामने मान डोलावली, ओटीकडे बघून मनासेला लांबूनच हात जोडले, आणि दोघं मिळून स्टँडच्या वाटेला लागले.