मागचं स्टिअरिंग

आबा केस कापायला बसले, की न्हावी दर वेळी एकच विचारायचा, "काय आबा, पुढून सुरू करू की मागून?" बाकावर नंबर लावून बसलेली टाळकी खो खो हसायची. आबा आरशातून न्हाव्याकडे असं बघायचे, की ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याकडे शहाण्या माणसानं तसं बघू नये.

भानगड जुनी होती. लढाईच्या वेळी आबा एकोणीस वर्षांचे, फौजेच्या वर्कशॉपात फिटर. त्यांचं म्हणणं असं, की तिथं एक चिलखती गाडी होती. चारी अंगांनी जाड पोलाद, बाहेर बघायला बोटभर फटी. आणि तिला स्टिअरिंग दोन. एक पुढं, एक मागं. दोन ड्रायव्हर एकमेकांकडे पाठ करून बसायचे. एक दिवस अरुंद रस्त्यावर समोरून गोळीबार सुरू झाला, गाडी वळवायला जागा नाही, आणि मागच्या ड्रायव्हरच्या खांद्यात लोखंड घुसलेलं. आबा दुरुस्तीसाठी आत होते. ते मागच्या सीटवर बसले, आणि आलेल्या वाटेनं तीन मैल, भरधाव, गाडी मागच्या मागं काढली. आतली माणसं जिवंत परत आणली.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तिथंच चुकलं.

"तीन मैल? रिव्हर्समध्ये? भरधाव?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "पळून आलो म्हण की सरळ." झालं. रिव्हर्स आबा हे नाव पडलं ते पडलंच. केस पिकले, दात पडले, नाव काही पडेना.

त्यांची एकुलती लेक लेथवर काम करायची. आबांचंच वर्कशॉप, आबांचंच लेथ. सगळा बाजार तिला ताई म्हणायचा. शाळेत पोरं तिच्या पुढं उलटी चालत जायची, तेव्हा तिला बापाचा राग यायचा. पोरांचा नाही, बापाचा. कशाला असल्या गोष्टी सांगायच्या?

मग एका संध्याकाळी, सहज, तिनं विचारलं, "आबा, ते मागचं चाक केवढं होतं हो?" आबांनी हातातला चहा खाली ठेवला आणि दोन्ही हात हवेत धरले. ताईच्या खिशात टेप होता. तिनं मोजलं. साडेपंधरा इंच. आठ दिवसांनी जेवताना मध्येच विचारलं. साडेपंधरा. महिन्यानं आबांना ताप भरला, डोळे धड उघडत नव्हते, तेव्हा विचारलं. थरथरत हात वर आले. साडेपंधरा.

खोटं बोलणाऱ्याच्या हातातलं माप दर वेळी थोडं तरी वाढतं. हे सुतानंसुद्धा वाढेना. ताईनं टेप मिटला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला ती गाडी शोधायचीय."

नवरा वेल्डर. काच कपाळावर सरकवून म्हणाला, "शोध की. इथंच कुठंतरी ठेवली असेल, फळीवर बघितलंस का?"

पण दुसऱ्या दिवशी शटरवर पांढरा रंग त्यानंच मारून दिला. त्यावर आबांनी गाडीचं चित्र काढलं, फटी आणि रिपिटांसकट. अ‍ॅक्सल कातून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ताई आधी त्या चित्रापुढं उभं करायची. "अशी कुठं बघितलीय?" सहा वर्षं. एकानं पाण्याची टाकी दाखवली. एकानं बँकेची जुनी व्हॅन दाखवली आणि वर भांडला, की हीच ती. बघायला गेलेला दिवस वाया गेला, असं ताईनं कधी म्हटलं नाही. नवऱ्यानं म्हटलं, पण तो दर वेळी बरोबर गेला.

आणि एक दिवस एक म्हातारा ट्रकवाला चित्रापुढं उभा राहून म्हणाला, "ही? ही तर खाणीतली खोली!"

दगडाची खाण. सुरुंग लावला की कामगार पळत जाऊन या गाडीत बसायचे, पोलादी दार ओढून घ्यायचे. "इतकी वर्षं दगड उडाले, एक खडा आत आला नाही," तो म्हणाला. खाण मात्र बंद पडली होती, आणि तिथलं सगळं लोखंड भंगारात गेलं होतं. कुणाच्या भंगारात? तर घरापासून दोन वळणांवर, काटेवाल्याच्या. काटेवाला म्हणजे दारात वजनकाटा असलेला भंगारवाला, पोटानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. सहा वर्षं ताईनं मुलूख पालथा घातला, आणि गाडी सापडली शेजारी.

आबांना तिकडं नेलं. गाडीला चाकं नव्हती, पोटावर बसली होती. खिशातला रुमाल काढून आबांनी समोरची फट पुसली, जसं नातवंडाचं नाक पुसावं.

"शेठ, कापू नका," ताई म्हणाली.

"ताई, पुढच्या महिन्यात भट्टीचा ट्रक येतोय. ही काय मी उशाशी घेऊन झोपू?"

तेवढ्यात, ताईनं आधीच कळवलं होतं म्हणून, म्युझियमचे साहेब आले. सज्जन माणूस, पण पुस्तकातला. त्यांनी पुस्तक उघडलं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "दोन स्टिअरिंगच्या या जातीच्या जगात चारच उरल्यात. इकडं ती कधी आलीच नव्हती. शिवाय मागचं स्टिअरिंग आहे कुठं? इथं तर लाकडी बाक आहे."

"बाक खाणवाल्यांनी टाकलाय," आबा म्हणाले. "मी बसलोय तिथं."

"पुस्तकात नाही, आजोबा."

"मग पुस्तकाला सांगा!"

भंगारातली माणसं हसायला लागली. काटेवाल्याला मजा वाटली. "ऐका आबा. महिना देतो. ही गाडी मागच्या स्टिअरिंगवर, मागच्या मागं, या कोपऱ्यापासून माझ्या काट्यावरून बाहेर काढा. काढली तर तुमची, घेऊन जा. तुमची गोष्ट खरी, असं साहेब लिहून देतील. नाही निघाली, तर ट्रकमध्ये. आणि तुमची ती तीन मैलांची गोष्ट आजपासून बंद. कुणालाच सांगायची नाही. कबूल?"

ताईला वाटलं, आबा नको म्हणतील. लढाईतून आबांनी आणलेली वस्तू म्हणजे तेवढी एक गोष्ट होती.

"कबूल," आबा म्हणाले. "साहेब, लिहून घ्या."

मग काय, सगळं घर काटेवाल्याच्या भंगारात येऊन बसलं. इंजिन जाम होतं. दोन आठवडे त्यात रॉकेल मुरत ठेवलं आणि रोज सकाळी नवरा पाना लावून त्याच्याशी बोलायचा. आबांशी बोलायचा त्याच आदबीनं. सतराव्या दिवशी इंजिन केसभर हललं. चाकं ट्रकची बसवली. मागचा बाक उखडला, तेव्हा खाली दगडाच्या भुग्यात एक दांडा निघाला, करवतीनं कापलेला. टोकाला दाते. तिथून तो सरळ पुढच्या स्टिअरिंगपर्यंत गेला होता.

ताई खाली बसून दाते मोजायला लागली. आबा वरून म्हणाले, "बावीस." तिनं मोजले. बावीस होते.

तिनं साडेपंधरा इंचांचं चाक केलं, आणि कापलेला दांडा जोडायला एक सरळ कपलिंग, म्हणजे आतून दाते पाडलेली पोलादी नळी. इथपर्यंत आबांचं ऐकलं. मग तिला रात्रंदिवस एक शंका खायला लागली. मागं तोंड करून बसलेल्या माणसाचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू. मग सरळ दांड्यानं गाडी नेमकी भलतीकडं नाही का वळणार?

"सरळ जोड," आबा म्हणाले. "मध्ये काही घालू नकोस."

"आबा, पन्नास वर्षं झाली त्याला."

"दांड्याला होऊ देत की शंभर."

ताईनं मान डोलावली आणि बापाच्या पाठीमागं दोन गिअरची छोटी पेटी बनवली, फिरणं उलटवणारी. ती मध्ये बसवली. नळी वर्कशॉपातल्या खणात टाकली.

ठरलेल्या दिवशी सगळा बाजार काटेवाल्याकडं लोटला. न्हावीसुद्धा गिऱ्हाईकाला अर्ध्यात सोडून डोकावून गेला. मागचे पेडल खाणवाल्यांनी केव्हाच विकले होते, म्हणून ताई पुढं बसली, पायात क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर. आबा मागं, हातात चाक. दोघांच्या पाठी एकमेकींकडं. आत इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आबांनी मांडीवर पाना घेतला. पत्र्यावर एक टोला म्हणजे चल, दोन म्हणजे थांब.

एक टोला पडला. ताईनं गाडी पुढं की मागं ते ठरवणारा दांडा ओढला. गाडी गुरगुरली, मागं सरकली, आणि आबांनी डावीकडं वळवली तशी बरोब्बर उजवीकडं जाऊन जुन्या फ्रिजांच्या ढिगात घुसली.

हसण्याचा असा लोट उठला की पोलादातूनही आत आला. काटेवाला पोट धरून म्हणाला, "आबा, लढाईत पण अशीच आणली होती काय?" साहेबांनी पुस्तक मिटलं.

ताई बाहेर आली. आबा आतच बसून होते. "मध्ये काय घातलंयस?" त्यांनी विचारलं. तिनं खाली बघून सांगितलं.

आबा चिडले नाहीत, हे तिला जास्त लागलं. ते उतरले, भंगारातला एक पाइप उचलला आणि दुसरं टोक जावयाच्या हातात दिलं. "धरा, जावईबापू. मी माझ्या डावीकडं फिरवतो. तुमच्या हातात कुठं फिरला?"

"उजवीकडं."

"मग झालं की वळून! दांडा आपला आपणच उलटतोय. तू त्याला आणखी एकदा कशाला उलटवतेस?" मग हळू आवाजात, "सगळं जग नाही म्हणालं तर म्हणू दे. तू मोजलं होतंस ना गं?"

ताईनं पाना उचलला. ती नुसती "हो" म्हणाली आणि आत शिरली.

"झालं, झालं!" काटेवाला ओरडला. "संधी दिली होती!"

"गाडी काढली तर, असं म्हणालात शेठ," आतून ताईचा आवाज आला. "कितव्या झटक्यात ते बोलला नाहीत. दिवस मावळलेला नाही अजून. अहो, खणातली ती नळी आणा पळत!"

वेल्डर पळाला. लग्नात पळाला नव्हता इतका पळाला. तोवर ताईनं पेटी काढून फ्रिजांच्या ढिगावर भिरकावली होती. नळी सरकवली. बावीसच्या बावीस दाते एका दमात बसले, खट्कन. बोटांना तो आवाज कळला, आणि गाडी निघणार हे तिला तेव्हाच समजलं.

परत पाठीला पाठ. ताईच्या समोरच्या फटीतून दिसत होतं फक्त मागं पडणारं. गाडी जाणार होती ती तिच्या पाठीकडं, जिथं फक्त आबा बघत होते. तिनं मान वळवली नाही.

एक टोला.

गाडी सुटली. फ्रिजांचा ढीग लांब गेला. आबांनी डावीकडं घेतली, गाडी डावीकडं गेली. बॅटऱ्यांची रास, तारांची भेंडोळी, साहेबांचं उघडं तोंड, सगळं फटीत येऊन लहान होत गेलं. चाकाखाली वजनकाटा धडधडला. काटेवाला दोन्ही हात हलवत गाडीमागं पळत होता, म्हणजे खरं तर गाडीच्या समोर. "बस, बस! जिंकलात! थांबवा!" त्याच्या मागं साहेब, पेनाचं टोपण तोंडात, कागद फडफडतोय.

ताईनं पाय ब्रेकवर नेला आणि दोन टोल्यांची वाट बघत राहिली.

एक पडला.

"आबा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "काटा गेला!"

"काट्यापर्यंत कोण म्हणालं होतं?" मागून गर्जना आली. आबांचा असा आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. "मी तीन मैल म्हणालो होतो!"

गाडी रस्त्याला लागली. न्हाव्याचं दुकान मागून आलं आणि ताईच्या फटीत शिरलं. दारात न्हावी, हातात वस्तरा, शेजारी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. दोघंही पुतळ्यासारखे.

"मागून सुरू कर रे!" आबांनी बाजूच्या फटीतून त्याला ओरडून सांगितलं, आणि पत्र्यावर पुन्हा पाना हाणला. एकदाच.

ताईनं पाय ब्रेकवरून उचलला आणि अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत दाबला.