दोन चिकटलेली कार्डं

मी ओकच्या लाकडाचा एक जुना खोका आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी अतिशय भित्रा आहे. आजही कुणी माझ्या झाकणाला हात लावला की वाटतं, आता काय सांडतंय. हसू नका. ऐकलंत तर तुम्हालाही वाटेल.

आयसेल या डच नदीच्या काठच्या एका गावात सुताराने शाळेच्या मोडक्या बाकापासून मला घडवलं आणि आलिडाबाईंनी मला घरी नेलं. बाई इंग्रजी कागदांचं डचमध्ये भाषांतर करून द्यायच्या. बँकांचे कागद, व्यापाराचे करार, कारखान्यांची पत्रं. दुसरं महायुद्ध संपून आठेक वर्षं झाली होती. इंग्रज मालक येत होते आणि त्यांच्याबरोबर असले असले शब्द येत होते, की जाडजूड शब्दकोशानेही हात टेकावेत. मग बाई सायकल काढायच्या. बँकेत, बंदरावर, कामगारांच्या संघटनेत जाऊन विचारायच्या, "तुम्ही याला काय म्हणता हो?" मिळालेलं उत्तर त्या कार्डावर लिहायच्या. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द, मागच्या बाजूला डच. तेही आधी पेन्सिलीने. दुसऱ्या माणसाने तेच सांगितलं, तरच शाई.

"एकाच तोंडून आला तर तो शब्द नाही, अफवा आहे," असं बाई म्हणायच्या.

अशी दोन हजारांवर कार्डं माझ्या पोटात जमली. गावात लोक म्हणू लागले, "आलिडाच्या खोक्यात आहे ना? मग बरोबरच असणार." या कौतुकाने मी फुगायला हवं होतं. मला उलट धडकीच भरायची. अहो, मी नुसता खोका! जे आत टाकाल ते सांभाळतो. खरंखोटं मला काय कळतंय?

आणि मग एप्रिलची साफसफाई आली. आमच्याकडे त्या दिवसांत घरातली एक वस्तू जागेवर राहत नाही. बाईंकडे दर मंगळवारी रूली कामाला यायची. तिचा नवरा बेरेंड गालिच्यांच्या कारखान्यात मागावर होता. रूलीचा हात झपाट्याचा आणि जीभ त्याहून झपाट्याची. बाईंचे यजमान डाउवेमास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, खुर्चीत वाचत बसलेले. त्यांना ती म्हणाली, "मास्तर, पाय वर घ्या, नाहीतर तुम्हालाही धुऊन दोरीवर वाळत घालीन!"

मास्तर हसत अंगणात गेले. रूलीने एका हातात मला उचललं, दुसऱ्या हातात सफरचंदाच्या पाकाची बरणी घेतली, आणि मी निसटलो. माझ्यापाठोपाठ बरणी. सगळी कार्डं जमिनीवर आणि त्यांच्यावर तो काळा चिकट पाक! रूली पांढरीफटक पडली. तिने एकेक कार्ड पुसलं, पहिलं अक्षर बघून जागेवर लावलं, फरशी घासली.

"कुणी पाहिलं नाही ना? मग झालं तर," असं स्वतःशीच पुटपुटली.

मी पाहिलं होतं. दोन कार्डं पाठीला पोट लावून चिकटली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. वरच्या कार्डावर इंग्रजीत 'ले-ऑफ' होतं, म्हणजे काही दिवस काम थांबवायचं, नोकरी मात्र राहते. खालचं कार्ड होतं कारखाना कायमचा बंद करण्याचं. आता कुणी पहिलं कार्ड काढून उलटलं, की मागे दुसऱ्याचंच उत्तर दिसणार होतं. पुढचे पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. बाईंचा हात त्या बाजूला गेला की मी मनात ओरडायचो, पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकणार?

मग तो मंगळवार उजाडला. आदल्या संध्याकाळी गालिच्यांच्या कारखान्यातून इंग्रज मालकाचं तीन ओळींचं पत्र आलं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि रात्रीतून तापाने फणफणल्या. कारखान्यात ते दुपारी बाराला सगळ्या कामगारांसमोर डचमध्ये वाचायचं होतं.

"तू पडून राहा," मास्तर म्हणाले. "तीन ओळी तर आहेत. इंग्रजी येतं की मला. अडलंच तर तुझा खोका आहे."

त्यांनी माझं झाकण उघडलं. पहिले दोन शब्द ठीक निघाले. तिसऱ्यांदा बोटं आली ती नेमकी तिथेच. त्यांनी कार्ड काढलं, उलटलं, कपाळाला आठी घातली, पण शाईत लिहिलेलं होतं ना! उतरवून घेतलं. पाठवण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने वाचायचा, ही बाईंची शिस्त. मास्तरांनी वाचला, "सोमवारपासून मागांचा विभाग कायमचा बंद होत आहे." मग हळहळले, टोपी घातली आणि सायकलवरून निघून गेले.

दारात रूली उभी होती. हातातलं फडकं तसंच. ती धावत वर बाईंकडे गेली. जिन्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"बाई, माग कायमचे बंद होणार, हे तुम्हाला कालच माहीत होतं? सव्वीस वर्षं झाली हो त्याला त्या मागावर! आम्ही आता करायचं काय?"

"कायमचा बंद? कोण म्हणालं? अगं, पत्रात ले-ऑफ आहे. खोका आण वर. आण आधी!"

बाईंनी तापातल्या बोटांनी ते कार्ड चिमटीत धरलं आणि थांबल्या. "हे जाड लागतंय." त्यांनी नखाने सोडवलं. "रूली, हा चिकटा कसला?"

रूलीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिने सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "नंतर रड. सायकल काढ."

आमच्या गल्लीत टेलिफोन नव्हता. समोरून नदीवरचा वारा होता. रूली कशी गेली असेल तीच जाणे. मी पलंगावर उघडा पडलो होतो. खाली चर्चचे बाराचे टोल पडले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

नंतर कळलं, ती पोचली तेव्हा वाचून झालं होतं. तिने सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, "खोटं आहे ते! काम काही दिवसच थांबणार आहे! चूक माझी आहे!" मुकादमाने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी पत्राकडे, आणि लोकांच्या जिवात जीव आला. फार तर पाच मिनिटं मधे गेली होती. पण बेरेंड त्या पाच मिनिटांत हॉलमध्ये नव्हता. तो मागाकडे गेला होता. चौघांनी पाच महिने विणलेला गालिचा त्याने सुरीने या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला होता.

सहा आठवड्यांनी माग पुन्हा सुरू झाले. भोंगा वाजला, सगळे आत गेले. बेरेंडला मात्र घेतलं नाही.

बाईंनी रूलीला काढलं नाही. एकदा तिच्याबरोबर बेरेंड आला आणि म्हणाला, "कोणती ती कार्डं, बघू." बाईंनी दाखवली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो कडेच्या डागावरून अंगठा फिरवत राहिला.

"मी घाबरले होते रे," रूली म्हणाली.

त्याने बाईंकडे पाहिलं. "हिने त्याच दिवशी सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाईंनी त्याच्या हातून कार्डं घेऊन माझ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "रागावले असते. दुपारच्या कॉफीपर्यंत."

मित्रांनो, मला जपा, पुसा, ओलाव्यापासून दूर ठेवा, हे सांगायला मी बसलेलो नाही. लाकूड आहे, फुटेन एक दिवस. पण तुमच्या हातून काही पडलं, सांडलं, चिकटलं, तर तिथल्या तिथे सांगा हो. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.