कूस बदलण्याची परीक्षा

माझ्या बायकोला घरीच मरायचं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा कुठे मरायचं एवढंच ठरवणं बाकी होतं. पण तिची थोरली बहीण हटून बसली, हॉस्पिटलच्या वॉर्डात हलवा म्हणून. कारण मी.

"या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. हा तुला काय सांभाळणार?"

घरी येणाऱ्या नर्सबाईंनी मधला मार्ग काढला. बायकोची दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. "शनिवारपर्यंत काकांना हे एकट्याला जमलं तर काकू घरीच राहतील. नाहीतर वॉर्ड."

पहिल्याच दिवशी मी तिला वळवलं, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, कपाट सरकवताय का?"

नर्सबाई म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही झोपा. दुसऱ्याच्या हातात अंग दिल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही."

बायकोला त्यांनी आरामखुर्चीत नीट टेकवून बसवलं आणि मी तिच्या पलंगावर आडवा झालो. अंगाखालच्या चादरीचं टोक धरून त्यांनी मला अलगद वळवलं. इतकं बरं वाटलं की माझे डोळेच मिटले.

तेवढ्यात मेहुणी आत आली. पलंगावर मी निपचित, नर्सबाई माझ्या गुडघ्यांमध्ये उशी सरकवतायत. मेहुणीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगं बाई, आता यांनाही झालं का काही?" आणि तिने गळाच काढला. "देवमाणूस गं! चाळीस वर्षांत तुला कधी उलटून बोलले नाहीत!"

मी उठणार, तर बायकोने हातानेच दटावलं. पडून राहा.

"ताई, अजून काही चांगलं आठवतंय का बघ," ती म्हणाली. "पुन्हा ऐकायला मिळायचं नाही त्यांना."

"स्वभावाने गरीब. फक्त जरा बावळट..."

मला हसू फुटलं. मग जे काही मला ऐकावं लागलं, ते इथे लिहीत नाही. शेवटी मेहुणी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शनिवार-बिनिवार काही नाही, जावईबापू. आत्ता, माझ्यासमोर करून दाखवा."

बायकोला पलंगावर घेतलं. आधी सांगितलं, "आता डावीकडे वळवतो." तिचा पलीकडचा गुडघा वाकवला, चादर धरली, सावकाश ओढली. ती वळली. कण्हली नाही. मी एका हाताने तिला धरून उभा राहिलो आणि पुढचं काही केल्या आठवेना.

"उशी!" मेहुणी ओरडली आणि तिनेच ती गुडघ्यांमध्ये सारली.

नर्सबाईंनी मान हलवली. "काका, एकट्याला जमायला हवं होतं."

मी बायकोकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले होते. घर सुटणार हे तिलाही कळलं.

"एकटे कुठे आहेत ते?" मेहुणी नर्सबाईंवर उखडली. "मी काय पाहुणी आहे? माझं अंथरूण या खोलीत घाला."

तेवीस दिवस आम्ही दोघांनी तिची कूस बदलली. चादर किती ओढायची यावर रोज वाद. शेवटच्या सकाळी तिला खिडकीकडे वळवलं, तेव्हाही चालूच होता.

"भांडा," ती म्हणाली. "पण हळू. मला झोप येतेय."

आम्ही कुजबुजत भांडलो. ती झोपली.